रकाना नऊ

वाळपईत, मामलेदार कचेरीच्या समोर
माझं झेरॉक्सचं दुकान.
एका बाजूचे दोन रुपये.
फॉर्म भरायचे वेगळे,
पण ते मी सगळ्यांकडून घेत नाही.

सुलक्षा झर्मेकर साडेनऊच्या बसनं आली, केरीहून.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
आणि आत रेशन कार्ड,
पोटाशी धरून आणल्यानं कोमट.
मुलगा सोबत, शाळा बुडवून.
तो काउंटरवरचं पंचिंग मशीन
दाबतो, सोडतो, दाबतो.

नाव, वॉर्ड, पंधरा वर्षांचा रहिवास,
हे सरसर झालं.
पेन अडलं रकाना नऊपाशी.
विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता.
लागू नसेल ते खोडा.

‘शेवटचं काय गो?’
मी म्हटलं, टाकलेली.
‘टाकलेली कशी? मी माझ्या घरात आहे.
गेला तो.’

खाणी बंद झाल्या तेव्हा त्याचा टिपर
दोन पावसाळे दारात उभा होता.
चाकांमधून घाणेरी वर आली, तिला फुलंही धरली.
बँकेनं गाडी ओढून नेली त्या दिवशी
तो आंघोळ करत होता, बराच वेळ करत होता.
मग एजंट. मग दोहा. मग ट्रेलर.

पहिल्या वर्षी पैसे महिन्याला आले.
दुसऱ्या वर्षी फक्त चवथीला.
तिसऱ्या चवथीला माटोळी बांधताना
मुलगा स्टुलावरून पडला, हात मोडला,
तेव्हा एकदा.
त्यानंतर नंबर बदलला.

आता नव्या नंबरावरून
रोज सकाळी सहाला एक गुलाब येतो.
दवबिंदूसकट. वर ‘शुभ प्रभात’.
दुसरा शब्द नाही.
ती फोन लावते, तो वाजत राहतो.
दुसऱ्या दिवशी सहाला गुलाब.

मी तिच्याबरोबर खिडकीपर्यंत गेले.
कारकून कुडणेकर, माणूस वाईट नाही,
आधी पाणी दिलं, मग चष्मा.
‘गुलाब येतो म्हणजे संपर्क आहे.
संपर्क आहे म्हणजे परित्यक्ता नव्हे.
विवाहित लिहा,
आणि दहामध्ये त्याचं उत्पन्न.
आपल्याकडे नवराबायकोचं अर्धं अर्धं.
त्याच्या पगारातला अर्धा तुझा धरणार.
किती पगार?’
तिनं बोटं उघडली.
काही मोजायला नव्हे. नुसतीच उघडली.
‘बाय, विधवा असतीस तर आजच...’
आणि जीभ चावली त्यानं,
खरोखर चावली असावी, हात तोंडावर गेला.

मग मुलाकडे वळून, काहीतरी बोलायचं म्हणून,
‘पप्पा खंय रे तुजो?’
‘आसा,’ मुलगा म्हणाला.
जरा थांबून, ‘हांगा ना.’

चार शब्दांत एकही असा नव्हता
ज्याच्यापुढे हे लिहिता आलं असतं.
समासात लिहावं म्हटलं,
तिथे छापलंय, कार्यालयीन उपयोगासाठी.

परत दुकानात.
‘हा काढून दे,’ तिनं फोन पुढे केला.
रंगीत दहा रुपये, मी म्हटलं.
‘काळाच काढ.’
मशीन गुरगुरलं, गुलाब बाहेर आला,
डांबरासारखा, दवबिंदूंचे पांढरे ठिपके.
मुलानं लगेच पंच केला,
एक भोक नेमकं पाकळीत.
तिनं तो रकाना दहाच्या मागे टाचला.
पतीचे वार्षिक उत्पन्न: पुरावा सोबत.

कुडणेकरनं बघितला.
हसला नाही, याचं मला अजून बरं वाटतं.
आवकचा शिक्का मारला,
शाई थोडी ‘प्रभात’वर गेली.

केरीची बस दीडला.
सुटे नव्हते तिच्याकडे, राहू दे म्हटलं.
चढताना तिनं विचारलं,
आता रोज येतात ते पुसून टाकू का,
फोन भरतो.

कुडणेकर म्हणालाय, नको.
ठेव. तारखेसकट ठेव.
अपिलाला लागतील.